लेकीचं छोटं कॉलेज: पासष्ट लाखांचा हिशेब आणि साडेतीन स्टार

आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर ह्यांच्या मित्रानं विचारलं, "पोरगी अमेरिकेला चाललीय म्हणं, कुठं?" ह्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं. मित्रानं पेला खाली ठेवला. "कॉलेज? युनिव्हर्सिटी न्हाई? आन् बारावी झाली की तिची!"

त्यांची चूक नाही. आपल्याकडं कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, नाहीतर मग बी.कॉम. त्यात 'लिबरल आर्ट्स' म्हटलं की समोरच्याला नुसतं 'आर्ट्स' ऐकू जातं. दहावीला ९६ टक्के, बारावी सायन्स, आणि आर्ट्स करायला सातासमुद्रापार? सासूबाई तर पहिल्या वर्षी लेकीनं कुंभारकामाचा विषय घेतला हे ऐकून म्हणाल्या, "मग कुंभार गल्लीतच बसवायची की तिला. गणपतीच्या सीझनला चार पैसे तरी मिळाले असते."

गेल्या दोन वर्षांत सात-आठ घरांतून फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच: करिअरच्या दृष्टीनं परवडलं का? दर वेळी तासभर बोलते आणि भाजी करपते. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. ह्यांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमच्या घरात हिशेब दोन्ही बाजूंनी तपासला जातो. कॉलेजचं नाव मात्र लिहीत नाही, लेकीची शिफारसपत्रं अजून तिथूनच यायची आहेत.

तर ही वस्तू काय आहे ते आधी. अमेरिकेत अशी बरीच लिबरल आर्ट्स कॉलेजं आहेत: विल्यम्स १७९३ चं, ॲमहर्स्ट १८२१ चं, ओबर्लिन १८३३ चं, ग्रिनेल १८४६ चं. हजार ते तीन हजार विद्यार्थी, बहुतेक ठिकाणी फक्त पदवी, पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, म्हणून शिकवायला थेट प्रोफेसरच. पहिली दोन वर्षं इकडचे तिकडचे विषय घ्यायचे, मग मुख्य विषय ठरवायचा. आमच्या लेकीचं कॉलेज आयोवा राज्यात, गाव एवढंसं. आपल्याकडं गोकुळ शिरगाव ओलांडलं की ऊस, तसा तिथं गावाबाहेर पाऊल टाकलं की मका. तिनं अर्थशास्त्र घेतलं, जोडीला संख्याशास्त्र.

आता कर्जाची गंमत सांगते. मी दुसऱ्यांच्या पोरांची एवढी कर्जं केली, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी टेबलाच्या पलीकडं बसले. तिथल्या साहेबांनी संगणकात नाव टाकलं, यादीत कॉलेजच नाही. मग जागतिक क्रमवारी उघडली, तिथंही नाही. ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी बोगस कोटेशन आणलंय. खरी गोष्ट अशी की त्या क्रमवाऱ्या संशोधन करणाऱ्या विद्यापीठांच्या असतात. ही कॉलेजं त्यात बसतच नाहीत, अमेरिकेतसुद्धा त्यांची यादी वेगळी निघते. हे समजावून सांगण्यात तीन चकरा झाल्या. शेवटी फ्लॅट तारण ठेवला आणि व्याजदरात 'नामांकित संस्था' म्हणून मिळणारी सवलत गेली ती गेलीच. तेव्हा यादीत नाव नसणं ही नुसती अब्रूची बाब नाही, त्याला रुपयांत किंमत आहे. आणि पुढं नोकरीच्या वेळीही हे अनोळखी नावच आडवं येतं, ते खाली येईलच.

त्याआधी एका सल्लागारालाही पैसे मोजले होते. ८५ हजार. चकचकीत ऑफिस, भिंतीवर झेंडे. त्यांनी ज्या सहा जागा सुचवल्या त्या सगळ्या मोठ्या विद्यापीठांच्या, ज्यांच्याकडून त्यांना कमिशन मिळतं हे आम्हाला नंतर कळलं. लेकीनं स्वतःच रात्री जागून छोटी कॉलेजं शोधली. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, यात स्कोप नाही." मग तिनं प्रवेश मिळवला तेव्हा त्यांनी तिचा फोटो त्यांच्या जाहिरातीत टाकला. या सेवेला शून्य स्टार, पुढं बोलत नाही.

पैशाचं बोलू. छापील किंमत बघून छातीत कळ येते: २०१९ मध्ये सत्तर हजार डॉलरच्या घरात होती, आता अशा नावाजलेल्या कॉलेजांत ऐंशी हजारांच्या पुढं गेली आहे. पण ही किंमत सगळे भरत नाहीत. सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म असतो, त्यात आई-बापाचा पगार, घर, शेती, ठेवी सगळं लिहायचं. आमच्या बँकेच्या छाननीपेक्षा कडक. त्यावरून ते ठरवतात की तुम्ही किती देऊ शकता, उरलेलं ते मदत म्हणून सोडतात. आम्हाला पहिल्या वर्षी १९ हजार डॉलर भरायला आले. दुसऱ्या वर्षी २०,५००, मग २२,५००, शेवटच्या वर्षी २४ हजार. म्हणजे फी दरवर्षी वाढली, मदत मात्र जवळपास तेवढीच राहिली. पहिल्या वर्षीच्या पत्रात हे बारीक अक्षरात होतं. मी, जिनं आयुष्यभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला सांगितली, मी ते वाचलं नाही.

त्यात डॉलर ७१ वरून ७९-८० ला गेला. चार वर्षांचे मिळून साधारण पासष्ट लाख. विमानं, विमा, थंडीचे कपडे धरले तर सत्तर. चाळीस लाख कर्ज, बाकी पीएफ आणि सासऱ्यांनी घेऊन ठेवलेले गावाकडचे पाच गुंठे. ते गुंठे विकायच्या दिवशी हे दिवसभर वर्कशॉपमधून घरी आले नाहीत. लेक कॅम्पसवर आठवड्याला दहा-बारा तास काम करायची, आधी मेसमध्ये भांड्यांच्या मशीनवर, मग लायब्ररीत. वरखर्च तिचा तिनं भागवला. (मेसमध्ये काम करते हे सासूबाईंना आजही माहीत नाही.)

आता मिळालं काय?

ती गेली तो ऑगस्ट २०१९, महापुराचा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर, आठवडाभर गाड्या बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. तिची बॅग भरलेली आणि मुंबईला जायला रस्ता नाही. पाणी उतरलं तसे मिळेल त्या गाडीनं निघालो. शाहूपुरीतल्या मावशीच्या घरात तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं, फ्रिज तरंगून उलटा झालेला. विम्याचे पैसे मिळाले नाहीत, कारण विमा उतरलेला नव्हता. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून पोरगी विमानात बसली.

पुढच्या वर्षी कोविडनं कॉलेज रिकामं झालं. परदेशी पोरं काही तेवढी होस्टेलवर राहिली. १० ऑगस्ट २०२० ला आयोवात डेरेचो नावाचं वादळ आलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वारा, लाखो एकर मका आडवा. तिच्या होस्टेलला चार दिवस वीज नाही. फोन लागला तेव्हा म्हणाली, "आई, मी बरा हाय. पण इथल्या शेतकऱ्यांना पैसे लगेच मिळणार म्हणे. मावशीला का मिळाले नाहीत?" (कोल्हापूरची पोरगी, आयोवात जाऊनही 'मी बरा हाय'च म्हणते.)

या प्रश्नातून तिचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध निघाला. तिकडचा पीक विमा आणि आपली २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, वादळ आणि महापूर. मोठ्या विद्यापीठात शंभर पोरांच्या वर्गात हा प्रश्न कुणी ऐकून घेतला असता का, मला शंका आहे. इथं वर्गात चौदा पोरं. प्रोफेसरबाईंनी प्रबंधाचा मसुदा सहा वेळा परत पाठवला. सहा वेळा! मी एक बघितलाय, मार्जिनमध्ये मजकुरापेक्षा शेरे जास्त. "हे तुला कसं माहीत?" हा शेरा अकरा ठिकाणी. आपल्याकडं व्हायव्हाला जाताना फाईल सजवतात, तिथं फाईल फाडतात.

दुसऱ्या एका विषयात तिनं शाहू महाराजांच्या १९०२ च्या आदेशावर लिहिलं, नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा तो २६ जुलैचा आदेश. मला फोन, "आई, मूळ मजकूर पाहिजे, पुस्तकातला सारांश नको." मी छापील प्रत शोधत दोन दुपारी हिंडले आणि फोटो पाठवले. दसरा चौकातल्या शाहूंच्या पुतळ्यावरून मी तीस वर्षं जातेय, आदेशाचा मजकूर पहिल्यांदा तेव्हा वाचला. हे करिअरमध्ये धरायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी अर्धा स्टार याचा धरलाय.

पण नोकरी. फोन करणाऱ्यांना ऐकायचं असतं ते हेच.

कॅम्पस प्लेसमेंट हा शब्द विसरा. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंपन्या येतात, टेबलं मांडतात, संध्याकाळी यादी लागते. मक्याच्या रानातल्या दीड हजार पोरांच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या यायचं कारणच नाही. करिअर ऑफिस होतं, माणसं चांगली, बायोडेटा छान दुरुस्त करून द्यायची. पण त्यांचं सगळं गणित अमेरिकन पोरांचं. "व्हिसा लागणाऱ्या मुलीनं कुठं अर्ज करावा?" याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं. तिनं एकशे चाळीसच्या वर अर्ज केले. बहुतेकांकडून उत्तरच नाही. तिला आलेला एक फोन सांगते: पलीकडच्या माणसानं विचारलं, "हे कम्युनिटी कॉलेज (तिकडचं दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) आहे का?" म्हणजे गंगावेशीतला प्रश्न शिकागोतून.

दार उघडलं ते वेगळ्याच बाजूनं. कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते, तिच्यावरून तिनं पन्नासेक जणांना पत्रं लिहिली. तिथं मात्र उत्तर आलं नाही असं फार कमी झालं. छोट्या कॉलेजची माणसं एकमेकांना धरून असतात, आपल्याकडं बोर्डिंगमध्ये राहिलेली जुनी मंडळी असतात तशी. १९८० च्या दशकात तिथून शिकलेल्या एक बाई डे मॉईनला विमा कंपनीत होत्या. डे मॉईन म्हणजे विमा कंपन्यांचं गावच. बाईंनी प्रबंध मागवला, वाचला, साहेबांकडं दिला. मुलाखतीत एकच मोठा प्रश्न: "संख्याशास्त्र न शिकलेल्या शेतकऱ्याला सांग, त्याचा हप्ता का वाढला." लेकीनं मावशीचा फ्रिज सांगितला. नोकरी लागली. वर्षाला ६२ हजार डॉलर.

ह्यांचं यावर एक मत आहे. म्हणतात, "कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर एकच जॉब हजारदा निघतो, लेथवाल्याला कुठलाबी जॉब टाक. पण लेथवाल्याला काम शोधत हिंडावं लागतंय." मला हे पटतं, पण अर्धंच. लेथवाला शोधून तरी शोधतो. यातली निम्मी पोरं शोधतच नाहीत. लेकीच्या बरोबरचा पुण्याचा एक मुलगा, हुशार, पण प्रोफेसरांच्या खोलीत कधी गेला नाही, कुणाला पत्र लिहिलं नाही. पदवी घेऊन तो तीन महिन्यांत परत आला. आता बापाच्या दुकानात आहे. तेवढेच पैसे, तेच कॉलेज.

आणि आता खरा काटा, व्हिसा. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं. विषय 'स्टेम'मध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणितात मोडत असेल तर आणखी दोन. नुसतं अर्थशास्त्र त्यात मोडत नाही. लेकीच्या कॉलेजनं विषयाचं नोंदणीतलं वर्गीकरण बदलून 'इकॉनोमेट्रिक्स' (आकडेमोडीचं अर्थशास्त्र, ते स्टेममध्ये मोडतं) केलेलं होतं म्हणून ती वाचली. हे प्रवेशाआधी विचारायचं असतं. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र घेतलं तर बारा महिने आणि घरी.

मग एच-वन-बीची, म्हणजे पुढं नोकरी करत राहायच्या व्हिसाची लॉटरी. ६५ हजार जागा सगळ्यांना, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना जास्तीच्या २० हजार. इथं २०२५ पर्यंत पदवीवाल्याची चिठ्ठी एकदाच पडायची, मास्टर्सवाल्याची दोनदा. माझ्या बहिणीचा मुलगा कोल्हापुरातून इंजिनिअर झाला, सहा-सात लाखांत. मग अमेरिकेत सरकारी विद्यापीठात दोन वर्षं एमएस. एकूण खर्च आमच्याहून बराच कमी, आणि चिठ्ठ्या दोन. त्याचा नंबर पहिल्याच वर्षी लागला. लेकीचा २०२४ ला नाही, २०२५ ला नाही. मार्च २०२६ मध्ये तिसरी आणि शेवटची वेळ. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली तेव्हा आमच्या घरात रात्रभर कुणी झोपलं नाही. तिथंच शिकून राहिलेल्यांना ती लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण तिच्या कंपनीनं तोवर हात आखडता घेतला होता. पासपोर्टवरचा शिक्का २०२४ लाच संपलाय. त्यामुळं दोन वर्षं ती घरी आलेली नाही, आली तर परत जायला मिळेल याची खात्री नाही. मी तिला व्हिडिओ कॉलवर तांबडा-पांढरा दाखवते, ती म्हणते फोन बंद कर.

परत आलीच तर? इथं पुन्हा 'कॉलेज? युनिव्हर्सिटी न्हाई?' पुण्या-मुंबईच्या काही कंपन्यांना ही नावं कळतात, बाकीच्यांना अशोका आणि फ्लेम ही आपल्याकडची तसली विद्यापीठं सुरू झाल्यापासून निदान 'लिबरल आर्ट्स' म्हणजे काय ते समजतं. तिला इथल्या पगारात ५३ हजारांचा हप्ता झेपणार नाही. अमेरिकेची पदवी आणि कोल्हापुरात नोकरी असं म्हटलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या छोट्याशा महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि नोकरी ठरली ती आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आताच्या सीपीआरमध्ये. रुजू व्हायच्या आधीच गेल्या बिचाऱ्या. सीपीआरसमोरून जाताना हल्ली दर वेळी आठवतं.

लेकीचा दुसरा रस्ता पीएचडीचा आहे, आणि इथं छोट्या कॉलेजचं पारडं एकदम जड होतं. चौदा जणांच्या वर्गातले तिघं पीएचडीला गेले, पूर्ण फी माफ, वर महिना पगार. ज्या प्रोफेसरबाईंनी सहा वेळा मसुदा फाडला त्या पत्रात काय लिहितील ते मोठ्या विद्यापीठातला प्रोफेसर कुठून लिहिणार? त्याला पोराचं तोंड आठवत नाही. सल्लागार लोक रॉबर्ट नॉईसचं उदाहरण फेकतात, ग्रिनेलचा १९४९ चा विद्यार्थी आणि पुढं इंटेलचा संस्थापक. अहो, नॉईस आयोवाचाच पोरगा होता. त्याला चिठ्ठी नव्हती काढायची.

म्हणून स्टारचा हिशेब असा. शिकवण्याला पाच, यात वाद नाही. थेट नोकरीला दोन. जुन्या विद्यार्थ्यांच्या गोतावळ्याला साडेचार. पैशाला आमच्या दरात तीन, छापील दरात एकही नाही. जेवणाला एक, तोही लेकीनं नेलेल्या कांदा-लसूण चटणीमुळं. सगळं मिळून साडेतीन.

परवा गल्लीतलेच एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलाला कॉम्प्युटर करायचंय, व्हिसाही हवाय, आणि घरची ऐपत साधारण आमच्याएवढी. मी सरळ सांगितलं, इथं इंजिनिअरिंग करा आणि मग एमएसला जा. ते उठायला लागले, तेवढ्यात मुलगा म्हणाला, "काकू, पण त्या वादळाच्या प्रबंधाचं सांगा की." मी त्याला प्रबंधाची फाईल दाखवली. तासभर बसला. मार्जिनमधले शेरे वाचून हसत होता, मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही मला सुचले नव्हते. वडील तोवर घड्याळ बघत होते.

त्याला मी काय सांगितलं ते तुम्हालाही: बहुतेक कॉलेजांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, सीएसएस प्रोफाइलची त्याच सुमारास. मदत मागितली तर परदेशी मुलांच्या प्रवेशावर परिणाम होतो, ॲमहर्स्टसारखी मोजकी कॉलेजं सोडून. मदतीच्या पत्रात 'चार वर्षं फीबरोबर वाढेल का' हे लेखी विचारायचं. विषयाचा नोंदणीतला प्रकार विचारायचा. आणि तिथं शिकत असलेल्या निदान तीन भारतीय पोरांशी बोलायचं, कॉलेजनं निवडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या. लेकीचा नंबर हवा असेल तर मला आधी सांगा, तिला विचारून देते. मार्चपर्यंत मात्र तिला कुणी फोन करू नका.